फॉर्म परत आला, आणि चूक माझी होती

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरी बारावी झालेलं किंवा कॉलेजात जाणारं लेकरू आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. जून लागला आहे, पुन्हा दाखल्यांचा आणि फॉर्मचा हंगाम सुरू झाला आहे. मागच्या हंगामात माझ्या हातून जे झालं, ते तुमच्या हातून होऊ नये म्हणून लिहितो आहे.

पत्रकारितेचा डिप्लोमा करून मला वीस वर्षं होऊन गेली. नागपूरपासून तासाभरावरच्या तालुक्याच्या गावी बसून बातम्या पाठवतो. "शिष्यवृत्तीचे पोर्टल ठप्प, विद्यार्थी हवालदिल" ही बातमी मी दरवर्षी एकदा तरी लिहिली असेल. त्यामुळे गल्लीतल्या लोकांचा समज झाला आहे की या माणसाला ऑनलाइनचं सगळं कळतं. खरं सांगायचं तर माझाही तोच समज होता.

मागच्या वर्षी आमच्या मागच्या गल्लीतली एक पोरगी बारावी सायन्स करून फार्मसीला लागली. कॅप राउंडमधून नंबर लागला, तोही नागपूरजवळच्या कॉलेजात. तिचं नाव लिहीत नाही. बाप दुसऱ्याचा ऑटो चालवतो. माय मिरचीच्या सातऱ्यावर जाते. आपल्या भागातल्या लोकांना सातरा सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो: वाळलेल्या लाल मिरचीचे देठ दिवसभर बसून खुडायचे, किलोमागे पैसे. संध्याकाळी हातांची अशी आग होते की लेकराच्या तोंडावरून हात फिरवायची सोय नाही.

ती माय एक दिवस प्लास्टिकची थैली घेऊन माझ्या दारात आली. थैलीत घरातले सगळे कागद.

"भाऊ, पोरीचा स्कॉलरशिपचा फारम तुमीच भरून द्या न जी. ते सेंटरवाले पैसे बी घेतेत अन् भलतंच भरून ठेवतेत."

मी म्हटलं, "ठेवा थैली. होऊन जाईल."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. महाराष्ट्रात तिचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा. त्याच पोर्टलवर ओबीसी, भटके-विमुक्त आणि आदिवासी मुलांच्या योजना आहेत. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. जुलै २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या मुलींना शंभर टक्के फी माफीचा निर्णय झाला, त्याचीही वाट इथूनच जाते. म्हणजे गरीब घरातलं जवळपास प्रत्येक शिकणारं लेकरू या एका दारातून आत जातं.

आणि कागद किती? जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टीसी, रेशन कार्ड, कॅपचं अलॉटमेंट लेटर, फीची पावती, मध्ये वर्ष गेलं असेल तर त्याचं शपथपत्र. प्रत्येक कागद २५६ केबीच्या आत बसवायचा. मोबाइलनं काढलेला एक फोटोच दोन-तीन एमबीचा असतो. तो दाबून दाबून लहान केला की शिक्का दिसतो आणि नंबर दिसत नाही.

मी दोन रात्री बसून फॉर्म भरला. नोंदणीसाठी ईमेल लागतो, पोरीकडे नव्हता, मी माझा दिला. घरात एकच स्मार्टफोन, तोही बाप ऑटोवर घेऊन जातो, म्हणून मोबाइल नंबरही माझाच टाकला. युजरनेम आणि पासवर्ड माझ्या डायरीत लिहून ठेवला. सोय म्हणून केलं. पण त्या क्षणी त्या पोरीच्या अर्जाची किल्ली माझ्या खिशात गेली, हे माझ्या लक्षात आलं नाही.

दुसरी गोष्ट उत्पन्नाच्या दाखल्याची. थैलीतला दाखला जुना होता, त्याची मुदत ३१ मार्च २०२४ ला संपलेली. नवीन काढायला टाकला होता. पण १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि ज्याला विचारावं तो इलेक्शन ड्यूटीवर. इकडे फॉर्मची शेवटची तारीख जवळ आलेली, मुदत वाढेल की नाही कोणालाच माहीत नाही. मी विचार केला, आत्ता जुना लावून सबमिट करून टाकू, नवीन आला की बदलून घेऊ. तुमच्यापैकी किती जणांनी हेच केलं असेल मला माहीत आहे. सगळेच करतात. मी जुना दाखला जोडला, सबमिट केलं आणि मायला सांगितलं, "झालं तुमचं काम."

तिनं घरी केलेले अनारसे आणून दिले.

नंतर माझ्यामागे निवडणूक लागली. २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला निकाल. मग १५ डिसेंबरला नागपुरात राजभवनावर मंत्र्यांचे शपथविधी, लगेच १६ पासून हिवाळी अधिवेशन. मी रोज पहाटेची एसटी पकडून नागपूर, रात्री परत. या काळात ती पोरगी दोनदा भेटली. "काका, माझ्या फॉर्मचं स्टेटस पाहता का?" दोन्ही वेळा मी म्हणालो, "पाहतो उद्या." एकदा तर मी विधानभवनातल्या एका आंदोलनाची बातमी टाइप करत होतो. आंदोलन विद्यार्थ्यांच्या रखडलेल्या शिष्यवृत्तीचंच होतं. हसू नका, अगदी असंच झालं.

जानेवारीत ती घरी आली. शांतपणे म्हणाली, "काका, मला फक्त पासवर्ड द्या. बाकी मी पाहून घेते."

मी डायरी काढली, लॉगिन केलं. फॉर्म कॉलेजच्या पातळीवरूनच त्रुटीसाठी परत आलेला होता. कारण इंग्रजीत एका ओळीत लिहिलेलं: उत्पन्नाचा दाखला मुदतबाह्य, नवीन जोडा. परत येऊन पाच आठवडे झाले होते. अर्ज नाकारलेला नव्हता. फक्त परत पाठवलेला होता. दहा मिनिटांचं काम होतं. नवा दाखला केव्हाच आलेला होता आणि त्याच थैलीत, माझ्याच कपाटावर पडलेला होता. त्यांनी आणून दिला होता, मी उघडून पाहिला नव्हता.

तिला हे कसं कळलं, ते विचारलं. मग उलगडा झाला. परीक्षेचा फॉर्म भरायला ती ऑफिसात गेली, तेव्हा तिथे सांगितलं की तुझा स्कॉलरशिपचा अर्ज मंजुरीच्या यादीत नाही, तर आधी फीचा हप्ता भर. पंचवीस हजार रुपये. पात्र विद्यार्थ्यांची फीसाठी अडवणूक करू नये, असे शासनाचे आदेश आहेत. पण खिडकीसमोर उभ्या असलेल्या अठरा वर्षांच्या पोरीला शासन आदेश पाठ नसतात. मायनं गळ्यातलं डोरलं सोनाराकडे गहाण ठेवलं आणि पैसे भरले. आठ दिवस झाले होते. मला सांगितलंही नाही. माझी धावपळ चालली आहे, भाऊंना कशाला त्रास, म्हणून.

मी त्यांच्या घरी गेलो. काय बोलावं कळेना. ती माय मलाच म्हणाली, "तुमी कायले वाईट वाटून घेता भाऊ. तुमी काय मुद्दाम थोडी केलं."

मुद्दाम केलं नाही, हे खरं. पण सेंटरवालाही मुद्दाम करत नाही. कॉलेजचा बाबूही मुद्दाम करत नाही, त्याच्यासमोर शेकडो फॉर्म असतात. कोणीच मुद्दाम करत नाही आणि डोरलं सोनाराकडे जातं. तेव्हापासून मी या गोष्टीचा विचार करतो आहे.

ही ऑनलाइन पद्धत का आली, हे आपण विदर्भातल्या लोकांनी विसरता कामा नये. दहा-अकरा वर्षांपूर्वी गडचिरोलीत शिष्यवृत्ती घोटाळा उघड झाला. काही संस्थांनी बोगस विद्यार्थी दाखवून, कागदावर वर्ग भरवून सरकारचे पैसे उचलले होते. पुढे राज्यभराच्या चौकशीसाठी पोलीस अधिकारी के. वेंकटेशम यांच्या नेतृत्वाखाली विशेष पथक नेमलं गेलं. त्यानंतर पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात द्यायचे, अर्ज विद्यार्थ्यानंच करायचा, हा आग्रह वाढला. हेतू चांगला होता. थेट खात्यात पैसे येणं ही चांगलीच गोष्ट आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण चोरी केली संस्थाचालकांनी आणि झडती सुरू झाली पोरांची. आपण खोटे नाही, हे दरवर्षी, दर कागदागणिक सिद्ध करायचं काम विद्यार्थ्यावर आलं.

आणि कागद तरी कोणाचे? जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्याचा. उत्पन्नाचा तहसीलदाराचा. वैधता जिल्हा जात पडताळणी समितीची. गुणपत्रिका राज्य मंडळाची. रेशन कार्ड पुरवठा विभागाचं. सगळे कागद सरकारनंच दिलेले, बहुतेक सरकारच्याच कॉम्प्युटरवर असलेले. ते एका सरकारी कॉम्प्युटरमधून काढून, फोटो मारून, २५६ केबीत दाबून दुसऱ्या सरकारी कॉम्प्युटरमध्ये टाकायचं काम कोणाचं? तर सातऱ्यावर जाणाऱ्या बाईच्या पोरीचं. डिजिलॉकर २०१५ मध्ये सुरू झालं, त्यातला कागद मूळ कागदाइतकाच ग्राह्य आहे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका त्यात मिळतात. महाडीबीटीवरही काही दाखले नंबर टाकून तपासण्याची सोय आहे. म्हणजे हे होऊ शकतं, हे सरकारला ठाऊक आहे. ते पूर्णपणे होत नाही, आणि उरलेलं अंतर पोरांना पायी कापावं लागतं.

जात वैधतेचं तर विचारूच नका. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा लागतो. मग पणजोबाचं नाव कोणत्या शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात आहे, कोतवाल बुकात काय नोंद आहे, हे शोधत घरं फिरतात. ज्याचा पणजोबा शाळेतच गेला नाही, त्यानं काय शोधायचं? ज्याला शाळेत येऊ दिलं नाही, त्याच्याच नातवाला शाळेचा दाखला मागायचा, हा हिशेब मला अजून जमलेला नाही.

नागपूरकरांना ही शिष्यवृत्ती कुठून आली ते सांगायची गरज पडू नये, तरी सांगतो. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्याआधी मुंबईत बीए करतानाही महाराजांची महिना २५ रुपयांची मदत होती. पुढे तेच बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले आणि त्यांनी अनुसूचित जातींच्या शिक्षणासाठी सरकारकडे पाठपुरावा केला. १९४४ मध्ये ही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ज्याला स्वतः मदत मिळाली, त्यानं ती पुढच्यांसाठी हक्क म्हणून मिळवली. आज आपण त्या हक्काचा फॉर्म केला आहे, आणि फॉर्म चुकला की हक्क चुकला असं समजतो.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. २०२१ मध्ये एका दलित मुलाला आयआयटी मुंबईत जागा मिळाली. कार्ड चाललं नाही, तांत्रिक अडचण आली, १५ हजार रुपयांची फी वेळेत गेली नाही आणि जागा गेली. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयानं २२ नोव्हेंबरला त्याला जागा द्यायला लावली. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मजुराच्या मुलाचं असंच झालं. १७ हजार ५०० रुपये गावातून गोळा करेपर्यंत शेवटची मिनिटं आली, पोर्टल बंद झालं. ३० सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं त्याला आयआयटी धनबादमध्ये प्रवेश द्यायला सांगितलं. दोन मुलं दिल्लीपर्यंत पोहोचली म्हणून आपल्याला कळली. जी सेतूच्या रांगेतूनच घरी परत गेली, त्यांची बातमी होत नाही. वीस वर्षांत मी तरी केलेली नाही.

पोरीच्या फॉर्मचं पुढे काय झालं ते सांगतो. मुदत वाढलेली होती, नशीब. त्या दिवशी मी खुर्चीवरून उठलो आणि तिला बसवलं. तिनं स्वतः नवा दाखला स्कॅन केला, स्वतः जोडला, स्वतः पाठवला. मोबाइल नंबर आणि ईमेल तिचा करून घेतला. फॉर्म मंजूर झाला. मे महिन्यात पहिला हप्ता आला. भरलेले पंचवीस हजार पुढच्या वर्षाच्या फीत वळते करू, असं कॉलेजनं सांगितलं आहे. म्हणजे कागदावर कोणाचंही नुकसान झालेलं नाही.

डोरलं अजून सोनाराकडे आहे. महिन्याला शेकडा तीन व्याज चालू आहे. ते व्याज मी देतो म्हणालो, तर माय ऐकायला तयार नाही. शेवटी तिच्या नवऱ्याला गाठून, हातापाया पडून, दोन महिन्यांचं व्याज माझ्याकडून घ्यायला लावलं. हे मोठेपणा म्हणून लिहीत नाही. जे माझ्यामुळे झालं त्याचा तो अर्धाही भाग नाही.

आता कामाच्या गोष्टी. या वर्षी माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी एवढंच सांगतो आहे:

१) मोबाइल नंबर, ईमेल, पासवर्ड लेकराचाच हवा. काका, मामा, सेंटरवाला, कोणाचाही नको. ज्याच्याकडे पासवर्ड, त्याच्याकडे अर्ज.

२) उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा. त्यावरची ३१ मार्चची मुदत वाचा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे हा दाखला १५ दिवसांत मिळायला हवा. अर्जाची पावती जपून ठेवा. उशीर झाला तर त्याच कायद्याखाली अपील करता येतं.

३) दाखल्यांच्या शपथपत्रासाठी ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर लागत नाही. मार्च २०२५ मध्ये महसूल विभागानं तो माफ केल्याचं जाहीर केलं आहे. साध्या कागदावर स्वसाक्षांकित चालतं. कोणी मागितला तर कशासाठी, ते विचारा.

४) कागद स्कॅन करून लहान केला की जोडण्याआधी मोबाइलवर उघडा आणि नंबर, नाव, तारीख मोठ्यानं वाचा. तुम्हाला वाचता आलं नाही तर बाबूलाही वाचता येणार नाही.

५) सबमिट केलं म्हणजे झालं नाही. दर रविवारी लॉगिन करून स्थिती पाहा. फॉर्म परत आला म्हणजे नाकारला असं नाही, त्रुटी दुरुस्त करून पुन्हा पाठवता येतो. मात्र मुदतीच्या आत.

६) आधार कोणत्या बँकेला जोडलेलं आहे ते आधारच्या साइटवर पाहा. पैसे शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. लाडक्या बहिणीच्या वेळी बँकांसमोरच्या रांगा आठवा. सिमकार्डासोबत उघडून दिलेल्या एखाद्या विसरलेल्या खात्यात तुमची शिष्यवृत्ती पडून असू शकते.

७) अनुसूचित जातीच्या योजनेत केंद्राच्या वाट्याची ६० टक्के रक्कम मुलाच्या खात्यात येते. त्यातली फी ७ दिवसांत कॉलेजला भरायची असते. घरखर्चात गेली तर पुढे अडचण होते.

८) मूल अकरावी-बारावीत असतानाच जात वैधतेचं काम हाती घ्या.

९) कॉलेजांमध्ये समान संधी केंद्र सुरू करायला सामाजिक न्याय विभागानं सांगितलेलं आहे. तुमच्या कॉलेजात ते कुठे बसतं आणि कोण बसतं, प्रवेशाच्या दिवशीच विचारून ठेवा. नागपूर जिल्ह्याचं समाजकल्याणचं ऑफिस दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनात आहे.

आणि कोणी अधिकारी किंवा लोकप्रतिनिधी हे वाचत असतील तर त्यांना एकच विनंती. फॉर्म परत पाठवला की त्या मुलाच्या मोबाइलवर साध्या मराठीत एक ओळ जाऊ द्या: तुझा अर्ज परत आला आहे, हा कागद बदल, या तारखेपर्यंत. तेवढं झाल्याशिवाय त्या मुलाची मुदत संपू देऊ नका. कॉलेजनं तोवर फी मागू नये. यासाठी नवा कायदा लागत नाही.

परवा ती पोरगी पुन्हा घरी आली होती. या वेळी सोबत तिच्या धाकट्या बहिणीची मैत्रीण होती, तिचा फॉर्म भरायचा होता. मी सवयीनं लॅपटॉप पुढे ओढला. ती म्हणाली, "काका, तुम्ही राहू द्या. मी भरते. तुम्ही फक्त चेक करा."

मी चेक केलं. उत्पन्नाच्या दाखल्यावरची तारीख दोनदा वाचली.